चारचौघांत सांगायची गोष्ट

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी डोंगरावर गेलो तो रक्तातल्या साखरेमुळे. रिपोर्टमध्ये एक आकडा ठळक छापून आला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, रोज चालायला जा. इतकं साधं काम साधेपणानं करणं माझ्या स्वभावात नाही. मी मेंटेनन्स इंजिनिअर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल प्लांटमध्ये. मी चालण्याचा एक्सेल तक्ता केला, तक्त्याला रंग दिले आणि दोन महिन्यांत पाम बीच रोडवर धावायला लागलो. वर्षभरात पारसिकच्या चढावर. त्याच्या पुढच्या वर्षी एका गिर्यारोहण क्लबच्या मागे लागून सह्याद्रीतल्या सुळक्यांवर दोराला लोंबकळत होतो. "डॉक्टरांनी चाल म्हटलं होतं," बायको म्हणायची, "लटक नव्हतं म्हटलं."

मी काही मोठा चढणारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. हात आखूड, गुडघे कुरकुरे आणि राग नाकाच्या शेंड्यावर. लांब पल्ल्याच्या शर्यतींत शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत मी तळाशी असतो आणि तिथे मला बरं वाटतं. पण दोर, कड्या, गाठी, कड्यांवर कोरलेले भार सोसण्याचे आकडे हे सगळं मला पहिल्या दिवसापासून आवडलं. प्लांटमध्ये जे पगारासाठी करत होतो, तेच इथे रविवारी हौसेनं करायला मिळत होतं.

मुकादमांना डोंगरावर मीच नेलं. ते प्लांटमध्ये माझ्याही आधीपासून आहेत. पंप, मोटारी, टाक्या, जे काही जड असेल ते उचलायचं, सरकवायचं, जागेवर ठेवायचं, हे ठेकेदाराच्या ज्या टोळीचं काम, तिचे ते मुकादम. टोळीतली बरीच माणसं दिघ्याची. मुकादम स्वतः घणसोली गावातले, आगरी, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. अंगानं बारीक, पण मनगटं अशी की मी हस्तांदोलन करताना दुसऱ्या हाताची तयारी ठेवतो. बोलणं कमी. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरची भातशेती होती, हे त्यांनी मला ओळख होऊन सहा वर्षांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

प्लांटमध्ये कुठलंही जड ओझं उचलायचं तर आधी कागद लागतो. लिफ्टिंग प्लॅन म्हणतात त्याला. क्रेन कुठे उभी राहील, ओझ्याला पट्टे कुठे बांधायचे, वजनाचा मध्य कुठे येतो, हे मी काढायचं आणि खाली सही करायची. माझ्या सहीखाली मुकादमांची सही. दोन सह्या यासाठी की एकाचं चुकलं तर दुसऱ्याला दिसावं. मुकादम माझा कागद हातात घेत, जिथे बोट ठेवलं असेल तिथे सही करत आणि परत देत. वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे असं मी समजत होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते सुखावत होतं.

एकदा गाडीच्या डिकीत माझा चढाईचा दोर त्यांना दिसला. त्यांनी तो उचलला, दोन हातांत धरून ताणला, नाकाशी नेला. मग बोलता बोलता त्याच्या टोकाला एक गाठ मारली. ती गाठ शिकायला मला क्लबमध्ये तीन रविवार लागले होते. लहानपणी वडिलांच्या होडीवर, खाडीत, हात आपोआप शिकले म्हणाले.

"चांगला हाय. पन तानतो, साहेब."

मी सांगितलं की तो ताणला जावा म्हणूनच तसा बनवलेला असतो, पडणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून. त्यांना ते पटलं. मग त्यांनी विचारलं, "वर काय हाय?"

"काही नाही. सुळका आहे. वर पोचायचं आणि उतरायचं."

"मंग कशाला जाता?"

येऊन बघा, मी म्हटलं. पुढच्या रविवारी ते बघायला म्हणून आले, आणि त्यानंतर माझ्याइतकेच नियमित येऊ लागले. चढण्यात ते माझ्यापेक्षा सरस निघाले. धावण्यात मी थोडा बरा. आमची जोडी जमली. पहाटे पाम बीचवर आम्ही शेजारी शेजारी धावायचो, एक शब्द न बोलता, आणि मला वाटायचं हीच खरी मैत्री.

एक गोष्ट तेवढी जमली नाही. मी त्यांना म्हटलं होतं, डोंगरावर मला साहेब म्हणू नका, नुसतं तू म्हणा, आपण इथे सारखे. त्यांनी प्रयत्न केला. अर्धा दिवस ते मला काहीच म्हणेनात. हाक मारायची वेळ आली की खाकरायचे. दुपारी पाणी मागताना "साहेब" तोंडातून गेलं आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी आम्ही दहा-बारा जण एका सुळक्यावर होतो. क्लबची लीडर नेरूळच्या एका शाळेत गणित शिकवते. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा. चढाई छान झाली. फक्त शेवटच्या टप्प्यात मुकादमांच्या डाव्या हाताची दोन बोटं धारदार दगडानं कापली. मी त्यांना चिकटपट्टीचं जाडजूड बँडेज बांधलं. बोटं वाकेनात इतकं जाड.

उतरायला दोराचाच आधार असतो. कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, एक कडी अडकवायची. त्या कडीत दोर धरणारं साधन, डिसेंडर, आणि त्यातून गेलेल्या दोरावर बेतानं घसरत खाली. कडीला उघडझाप करणारं दार असतं, आणि दार चुकून उघडू नये म्हणून त्यावर एक छोटी नळी फिरवून घट्ट करायची. ते लॉक. लॉक न फिरवता माणूस खाली गेला तर बहुतेक वेळा काही होत नाही. कधीतरी कडी कातळावर घासते, दार दाबलं जातं आणि डिसेंडर निसटतो. त्या 'कधीतरी'साठीच लॉक असतं.

लीडर आणि बाकीचे सगळे आधी उतरले. नवख्यांना वरून एक जास्तीचा सुरक्षेचा दोर बांधतात. वेळ वाचवायला तो दोर आम्ही आधीच खाली सोडून दिला होता. वर आम्ही दोघे उरलो. मुकादमांचा हात तसा, म्हणून त्यांचा दोर मी लावत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. प्लांटमधून. पंप बंद पडला होता आणि शिफ्टवाल्याला कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा ते माझ्याकडून ऐकायचं होतं. डोंगरावर फोन घेऊ नये हे मलाच इतरांना सांगायची सवय. मी खांद्यानं फोन कानाशी दाबला आणि व्हॉल्व्हचे नंबर सांगत सांगत मुकादमांचा दोर डिसेंडरमधून ओवला, कडी लावली, त्यांच्या पाठीवर थाप मारली. ते मागे मागे जात कड्याच्या काठावरून दिसेनासे झाले.

फोन ठेवला आणि मी स्वतःची कडी लावली. लॉक फिरवताना माझ्या बोटांना जाणवलं की हे आपण मघाशी केलेलं नाही. डोक्याला आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. नळीचे ते तीन-चार आटे फिरवल्याची खूण हातात नव्हतीच.

मी काठाशी जाऊन खाली पाहिलं. कातळाच्या फुगवट्याखाली मुकादम दिसत नव्हते, फक्त ताणलेला दोर दिसत होता. खूप खाली लीडर आणि बाकीचे, माना वर करून बघणारे. मी हाक मारू शकत होतो. "मुकादम, लॉक बघा", एवढे तीनच शब्द. मी हाक मारली नाही.

स्वतःला मी तेव्हा असं सांगितलं की ओरडलो तर ते दचकतील आणि उगाच काहीतरी होईल. हे कारण वाईट नाही, सुरक्षेच्या पुस्तकात शोभेल. पण मी तिथे होतो आणि मला खरं कारण माहीत आहे. खाली दहा माणसं ऐकत होती. लीडर ऐकत होती. इंजिनिअर साहेबांनी फोनवर बोलत बोलत माणसाचा दोर लावला, हे त्या सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी त्या दोराकडे बघत उभा राहिलो. तो थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. मुकादम नेहमीपेक्षा हळू उतरत होते. मग दोर सैल झाला आणि खालून त्यांचा आवाज आला, "दोर मोकला हाय."

मी खाली पोचलो तेव्हा ते दगडावर बसून डबा उघडत होते. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. त्यांनी अर्धी भाकरी मला दिली. मी खाल्ली. त्यांच्या हार्नेसवरची कडी केव्हाच काढून पिशवीत गेली होती, त्यामुळे लॉक फिरवलेलं होतं की नव्हतं हे मला कळायला मार्गच उरला नाही. कदाचित मी फिरवलं असेल, असं मी परतीच्या वाटेवर स्वतःला समजावलं. तेही खोटं होतं.

आता यातला विनोद सांगतो. प्लांटमध्ये 'नियर मिस' गोळा करणं हे माझंच काम आहे. अपघात होता होता राहिला तर त्या माणसानं तो एका फॉर्मवर लिहून द्यायचा, म्हणजे पुढचा टळतो. दर महिन्याला प्रत्येक विभागानं ठरावीक फॉर्म द्यायचे असतात. लोक महिनाअखेरीला भराभर लिहून देतात: जिन्यातला दिवा बंद, फरशीवर तेल, नळ गळतो. खरा नियर मिस कुणीच लिहीत नाही. दर महिन्याला मी सगळ्यांना उभं करून तेच भाषण देतो. घाबरू नका, नाव लिहायचीही गरज नाही, आपल्याला कुणाला शिक्षा करायची नाही, फक्त खरं लिहा. त्या महिन्यातही दिलं. मुकादम नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभे होते, बोटांवर अजून पट्टी. माझ्या तोंडून 'खरं लिहा' बाहेर पडलं आणि मी पाणी मागवलं.

घरी मी गॅसचा रेग्युलेटर दोन-दोनदा तपासायला लागलो. मग तीनदा. कुलूप लावून जिन्यातून परत वर यायला लागलो. मुलगी हसायची. बायको हसली नाही. एका संध्याकाळी तिनं मला बाल्कनीत बसवलं आणि काय झालंय ते सांग म्हणाली. मी सांगितलं, फोन, लॉक, न मारलेली हाक, सगळं. माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, जाऊ दे, काही झालं तर नाही ना.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी होते का दोरावर?"

"ते आता काय सांगायचं. तीन महिने झाले."

"त्यांची बायको मला मागे भाजी मंडईत भेटली होती. म्हणाली, साहेब असतात बरोबर म्हणून काळजी नाही." एवढं बोलून ती आत गेली आणि त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. काढला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

जानेवारीत खारघरच्या डोंगरावर जोड्यांची शर्यत होती. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तास. सात किलोमीटरची एक फेरी, डोंगर चढून पलीकडून उतरायची, आणि होतील तेवढ्या फेऱ्या करायच्या. अट एकच. दर फेरीला दोघांनी रेघ एकदमच ओलांडायची. एकटा पुढे गेला तर ती फेरी मोजत नाहीत. आम्ही नाव आधीच दिलेलं होतं, त्या सुळक्याच्याही आधी. मी माघार घेतली असती, पण कारण काय सांगणार.

पहिल्या तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. चौथ्या फेरीत ऊन चढलं आणि माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मुकादम माझ्या चालीनं चालत होते. एक शब्द नाही, एक सुस्कारा नाही. मी थांबलो की थांबत, निघालो की निघत. माथ्यावर आलो तेव्हा दूर उलव्याच्या बाजूला एक विमान नव्या विमानतळावर उतरत होतं. आम्ही दोघे पाणी पीत ते बघत राहिलो. त्यांनी माझी बाटली घेतली, स्वतःच्या बाटलीतलं निम्मं पाणी तिच्यात ओतलं आणि परत दिली. मी मागितलं नव्हतं.

ते पाणी मला पिता येईना. मी म्हणालो, "मुकादम, त्या सुळक्यावर, तुमची बोटं कापली होती तेव्हा, मी तुमच्या कडीचं लॉक फिरवलं नव्हतं बहुतेक."

ते विमानाकडेच बघत होते. "बहुतेक नाय," ते म्हणाले. "नव्हताच फिरवला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"काठाखाली गेल्यावर दिसला मना. उजवा हात दोरावर. डाव्यानं फिरवाया गेलो तं बोटं वलनात, पट्टी होती ना. मंग तसाच डावा हात कडीवर दाबून धरला आन् खाली आलो. हलू हलू."

"अहो, ओरडायचं ना वर. मी दोर धरला असता, काहीतरी केलं असतं."

"खाली आख्खी पोरं बघत व्हती, साहेब. चारचौघांत तुमाला कसा सांगू?"

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की त्यात उपकाराचा स्वर नव्हता, तक्रारीचाही नव्हता. पाहुण्यापुढे यजमानाची चूक काढू नये, तेवढंच काहीतरी. मला बसावंसं वाटलं आणि मी बसलो, वाटेच्या मधोमध. मागून येणारी एक जोडी आम्हाला वळसा घालून गेली. मी मुकादमांना माझी बाजू सांगितली. मला वर असतानाच कळलं होतं, मी काठाशी उभा होतो आणि मी हाक मारली नाही, तीही त्याच दहा माणसांमुळे. त्यांनी मान हलवली. माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि बुटातला खडा काढायला लागले.

आणि मग मला तो प्रश्न सुचला. तो सुचला नसता तर बरं झालं असतं असं मला त्या दिवशी वाटलं.

"प्लांटमध्ये पण?" मी विचारलं. "माझ्या कागदावर सही करताना?"

त्यांनी बूट परत घातला. नाडी बांधली. खूप वेळ लावला नाडीला.

"दोन वेला," ते म्हणाले.

एक, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांचा मोठा जुडगा बाहेर काढला तेव्हा. मी पट्टे दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर दाखवले होते, पण एका टोकाला जाड पत्रा असल्यामुळे वजन त्या बाजूला जास्त होतं. त्यांनी तो पट्टा हातभर सरकवून बांधला. दुसरी वेळ, छतावर मोटर चढवताना. मी क्रेनचा एक पाय जिथे दाखवला होता त्याच्याखाली जुनं गटार होतं, नकाशात नसलेलं. त्यांनी क्रेन मागे घेतली, पायाखाली जाड लाकडी फळ्या टाकल्या आणि मला सांगितलं की ड्रायव्हरला तिथून नीट दिसत नव्हतं.

मला आधी लाज वाटली नाही, हे लिहून ठेवायला हवं. आधी मी डोक्यात ती दोन्ही ड्रॉइंग उघडली आणि हिशेब केला, मुकादम चुकीचे निघतात का बघायला. ते बरोबर होते. छतावरच्या मोटरीचं काम सुरक्षितपणे पार पाडल्याबद्दल मला प्रमाणपत्र मिळालं होतं. ते अजून माझ्या केबिनमध्ये भिंतीवर होतं. मग लाज वाटली. त्या क्रेनखाली त्यांच्या टोळीतली माणसं उभी होती, दिघ्यातून डबा घेऊन आलेली, आणि त्यांचा जीव माझ्या आकड्यांवर नाही तर मुकादमांच्या गुपचूप सरकवलेल्या पट्ट्यावर होता.

"मला का नाही सांगितलंत?"

"काम झाला ना, साहेब."

"आणि तिसऱ्या वेळी तुम्हाला दिसलं नाही तर?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. आम्ही उठलो. त्या फेरीला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. संध्याकाळपर्यंत आणखी दोन झाल्या, आणि दर वेळी रेघेशी मुकादम माझ्यासाठी थांबले, मी पोचल्यावर दोघांनी एकदमच पाऊल टाकलं. शेवटच्या उतारावर मी त्यांना म्हटलं, यापुढे माझं चुकलेलं दिसलं की तिथल्या तिथे सांगायचं. डोंगरावर, प्लांटमध्ये, कुणीही समोर असो. बरोबर आहे असं वाटलं तरी शंका आली तर सांगायचं. ते "हां" म्हणाले. त्यांचं हां मला ओळखीचं होतं, म्हणून मी पुन्हा म्हटलं, आणि ते पुन्हा "हां" म्हणाले.

महिन्याभरानं क्लबचा सराव होता, एका रुंद माथ्याच्या कड्यावर. आठ-नऊ जण होते, लीडर होती. वरून दोर सोडून खाली उतरायचं आणि पुन्हा चढून यायचं. माझी पाळी आली. मी दोर ओवला, कडी लावली, लॉक फिरवलं, दोनदा ओढून पाहिलं. पाऊल मागे टाकणार तोच मुकादम म्हणाले, चांगलं मोठ्यानं, "साहेब, थांबा. बेल्टाचा बकल परत बगा."

सगळे थांबून आमच्याकडे बघायला लागले. लीडर वळली.

बकल बरोबर होतं. मला ते खाली न बघताच माहीत होतं. पट्टा उलटा ओवून ओढलेला, टोक पुरेसं बाहेर, जसं असायला हवं तसंच. आणि मला राग आला. कानांपर्यंत गरम झालं. तीन-चार वर्षं चढतोय मी, आणि या पोरांसमोर, या बाईसमोर मला बकल लावायला शिकवतायत.

"बरोबर आहे, मुकादम," मी म्हणालो.

शब्द साधे होते. आवाज साधा नव्हता. प्लांटमध्ये कुणी फिटर मध्येच काही सुचवायला लागला की मी त्याला ज्या आवाजात गप्प करतो, तो आवाज होता. मला तो माझ्याच कानांनी ऐकू आला.

"हां हां, बरोबरच हाय," मुकादम म्हणाले आणि एक पाऊल मागे सरले. हे म्हणताना त्यांनी बकलाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती आणि तिथे जे दिसलं त्यावर ते उत्तर होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मुकादमांचा स्वभावच अबोल आहे. तो मीच घडवला होता, एकेक अशा आवाजानं, आणि त्याला विश्वास असं नाव दिलं होतं.

मी दोरातून डिसेंडर सोडवला. काठापासून दहा-बारा पावलं आत, सपाटीवर आलो. बकल उघडलं आणि पट्टा पूर्ण बाहेर ओढून काढला. सगळे बघत होते. लीडरनं काय झालं म्हणून विचारलं, तिला मी हातानंच थांब म्हटलं. राग अजून गेला नव्हता. पट्टा पहिल्या वेळी बकलात जाईना.

"मुकादम, इकडे या. मी परत लावतो, तुम्ही बघा."

ते आले. मी पट्टा ओवला, उलटा घेतला, ओढला. त्यांनी वाकून दोन बोटं पट्ट्याखाली घातली आणि असा हिसका दिला की मी पुढे झुकलो. मग बकलाकडे बघत राहिले, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. मी तसाच उभा राहिलो.

"आता लॉक पन दाखवा," ते म्हणाले.

मी लॉक दाखवलं.